पाचशे क्रोनर वाचवले, त्याची गोष्ट

2023 मध्ये कोपनहेगनच्या आमच्या कंपनीने एकाच दिवशी चौघांना नारळ दिला. त्यात मी होतो आणि शेजारच्या टेबलावरचा डॅनिश मित्रही. दोघांनाही तीन महिन्यांची नोटीस. तो कॉफी संपवून मुलांना शाळेतून आणायला गेला. मी पिंपरीला फोन लावला.

बाबा म्हणाले, "अरे, असं कसं काढतात? युनियन नाही का तिथं?"

आहे ना, चांगली तगडी आहे. पण माणसं ठेवण्या-काढण्याचा मालकाचा हक्क इथल्या संघटनांनी 1899 सालीच, एका मोठ्या टाळेबंदीनंतर, मान्य केलाय. बदल्यात मालकांनी संघटनेचा हक्क मान्य केला. पुढे त्याला बेकारी भत्ता आणि प्रशिक्षणाची जोड मिळाली. नोकरीला संरक्षण कमी, माणसाला जास्त, असा हा हिशोब.

मित्र निवांत होता कारण तो 'आ-कासे'चा, म्हणजे बेकारी विमा निधीचा सभासद होता. आधीच्या पगाराच्या 90 टक्क्यांपर्यंत भत्ता, पण कमाल मर्यादा महिना साधारण वीस हजार क्रोनर. मुदत दोन वर्षं. 2010 पर्यंत ती चार होती. फुकट बसून मात्र मिळत नाही. अर्ज करा, बैठकांना जा, सांगितलं तर कोर्स करा, नाहीतर भत्ता बंद.

आणि मी? सभासदत्व ऐच्छिक आहे, म्हणून महिन्याचे पाचशेएक क्रोनर 'वाचवले' होते! भत्त्यासाठी किमान वर्षभर आधीपासून सभासद असावं लागतं. लवचिकता दोघांच्या वाट्याला सारखी आली, सुरक्षा एकट्या त्याच्या.

हे आज आठवायचं कारण म्हणजे आपल्याकडची चर्चा. औद्योगिक संबंध संहितेने कामगार कपातीच्या सरकारी परवानगीची अट 100 ऐवजी 300 कामगारांच्या कारखान्यांपासून लावली. उद्योगांना लवचिकता हवी, हे मला पटतं. पण काढलेल्या माणसाचं काय? ईएसआयच्या अटल योजनेत निम्म्या पगाराइतकी मदत आहे, तीही 90 दिवस, आयुष्यात एकदा, आणि फक्त विमाधारकाला. कंत्राटावरच्या कित्येक पोरांचं तर ईएसआयमध्ये नावच नसतं.

मला पाचव्या महिन्यात नोकरी लागली. पहिला पगार झाला त्या दिवशी आधी आ-कासेचा फॉर्म भरला, मग बाबांना फोन केला.

डेन्मार्कचं उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्या. अर्धं उचललं की ती फक्त कपात असते.