स्वखुशीनं

आबा गेले २००९ साली. सातबाऱ्याला वारस म्हणून दोन नावं लागली, माझं आणि आक्काचं. कुंभीकाठची दोन एकर भाताची जमीन. गावातली जाणती माणसं म्हणाली, "बहिणीची सही घेऊन टाक. पुढं भाचं उभं ऱ्हात्यात."

आक्काला बोलवून घेतलं. साडी-चोळी केली आणि एस.टी.नं गगनबावड्याला नेलं. हक्कसोडपत्रावर अंगठा द्यायच्या आधी तिनं एवढंच विचारलं, "बाळू, म्हायेराला यायला आडकाठी न्हाई न्हवं?" मी हसण्यावारी नेलं.

कायदा मला ठाऊक होता. दहावीपर्यंत शिकलेला, रोज पेपर वाचणारा माणूस मी. १९९४ साली महाराष्ट्रानं मुलींना वडिलार्जित जमिनीत हक्क दिला, पण २२ जूनच्या आधी लग्न झालेल्या वगळल्या. आक्काचं लग्न १९७६ चं. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्यानं ती अट गेली. मुलगी जन्मानंच मुलासारखी हिस्सेदार, लग्न कधी का होईना. म्हणजे एक एकर आक्काचं. हे मी तिला सांगितलंच नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. २००५ ला बाप हयात असो-नसो, मुलीचा हक्क राहतो. पारावर सगळे भाऊ धास्तावले. मी निवांत होतो, माझा कागद ट्रंकेत होता. तेवढ्यात लेकीनं विचारलं, "अण्णा, आत्तीनं का सोडलं?"

रात्री कागद काढला. त्यात लिहिलेलं, 'स्वखुशीने, विनामोबदला, वाचून समजून.' वाचून कुणी दाखवलं होतं? ते काम माझं होतं. माहेर तुटायच्या भ्यानं दिलेल्या अंगठ्याला आपण खुशी म्हणतो.

यंदा रोपलावणीला आक्का आली. अडुसष्टाव्या वर्षीही चिखलात उतरली. बांधावर भाकरी खाताना मी सगळं सांगितलं. म्हणालो, "निम्मं बक्षीसपत्रानं तुझ्या नावावर करतो."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तवाच सांगितलं असतंस तर मी इचार केला असता. धाकट्याच्या शिक्षणाला पैसं नव्हतं त्या साली."

घास माझ्या हातातच राहिला.

"आता बक्षीस कशाला म्हंतोस?" ती म्हणाली. "माझंच हाय न्हवं ते?"

भात कापून झालं की आम्ही दोघं पुन्हा गगनबावड्याला जाणार आहोत. या खेपेला कागद मी आधी मोठ्यानं वाचणार.