चढणारं घड्याळ

वाढीव वेळ नसलेल्या तीन मिनिटांच्या ऑनलाइन बुद्धिबळाच्या डावात घड्याळ फक्त उतरतं. त्या रात्री मी समोरच्याचं घड्याळ चढताना पाहिलं. माझ्याकडे एक हत्ती जास्त होता आणि त्याच्या घड्याळाचे आकडे लाल झाले होते. मी शह दिला. ४.२, ३.९, ३.५ असे आकडे उतरत गेले आणि त्याची खेळी पडताच एकदम परत ४.१. पुन्हा शह, पुन्हा तेच. माझे सेकंद मात्र रीतसर जात राहिले आणि जिंकत आलेला डाव मी वेळ संपून गमावला. रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

स्क्रीनवर दिसतं ते घड्याळ अंदाजाचं असतं. खरा हिशेब सर्व्हर ठेवतो. खेळी फोनवरून तिथवर पोचायला जो उशीर होतो तो लॅग. नेट संथ आहे म्हणून कुणाचा विचाराचा वेळ कापला जाऊ नये, यासाठी सर्व्हर त्यातला काही भाग परत देतो. म्हणून आकडे चढलेले दिसतात. ही सोय मला मनापासून पटते. दुर्गम तालुक्यात जेमतेम रेंजवर खेळणाऱ्या पोरालाही पुण्यातल्या फायबरवाल्याइतकीच तीन मिनिटं मिळायला हवीत. पण मुद्दाम कनेक्शन अडवून याच सोयीतून फुकटचा वेळ काढता येतो. म्हणून तिला मर्यादा घालावी लागते. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटचा कोड खुला आहे, त्यात ही मर्यादा कशी घातली आहे ते कुणालाही वाचता येतं. मी खेळत होतो त्या साइटचा कोड असा खुला नव्हता.

आधी घरचं नेट तपासलं. राउटरजवळ पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, स्थिर होता. मग त्या खेळाडूचे जुने डाव उघडले. प्रत्येक खेळीला लागलेला वेळ तिथे नोंदलेला असतो. सुरुवातीच्या सरधोपट खेळ्यांना तो सेकंद-दोन सेकंद घेत होता. शेवटच्या दहा सेकंदांत मात्र अवघड खेळ्यासुद्धा ०.१ सेकंदात. प्रीमूव्ह, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेली खेळी म्हणावी, तर आमच्या डावातले माझे शह अनपेक्षित होते. राजाला तीन घरं मोकळी, त्यातलं वाचवणारं एकच, आणि दर वेळी तेच सापडलेलं. संथ नेट डावाच्या सुरुवातीलाही संथच असायला हवं. नेमकं वेळ संपत आल्यावरच ते का अडखळावं?

तरी याला पुरावा म्हणता येत नाही. तो धावत्या बसमध्ये असू शकतो. खरी अडचण हीच आहे, की कोणत्या खेळीला किती लॅग होता आणि किती वेळ परत दिला, हे सर्व्हरला माहीत असतं, खेळाडूंना नाही. लबाड त्यात लपतो आणि खराब नेटवाला प्रामाणिक माणूस नाहक बदनाम होतो.

बिघाड उघड दिसला, तर गोष्ट वेगळी होते. ३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या अंतिम फेरीत भारत-रशिया सामना चालू असताना नागपूरची दिव्या देशमुख आणि निहाल सरीन या भारतीय खेळाडूंचं कनेक्शन तुटलं. दोघंही वेळ संपून हरले. पण त्या वेळी जगभर इंटरनेटमध्ये बिघाड झाला होता, तो सगळ्यांना दिसत होता. भारताने दाद मागितली आणि जागतिक बुद्धिबळ संघटना फिडेने सुवर्णपदक दोन्ही संघांना दिलं. बिघाड दिसला, म्हणून न्याय करता आला.

माझ्या तक्रारीला उत्तर आलं, ‘आपलं कनेक्शन तपासा.’ मी पुन्हा लिहिलं आहे. कुणावर कारवाई करा असं म्हटलेलं नाही. डावाच्या नोंदीत प्रत्येक खेळीपुढे दोघांचाही लॅग छापा, एवढीच मागणी आहे. सोबत त्या डावाची लिंक आणि माझ्या पिंगची नोंद जोडली आहे.