उलटा गोबरगॅस

मागच्या शनिवारी गावी आबांना फोन केला होता. सकाळीच आर्क्टिकच्या ‘मिथेन बॉम्ब’बद्दल एक लेख वाचलेला, तो काही डोक्यातून जाईना. म्हणून त्यांनाच सांगत बसलो, की तिकडे समुद्राच्या तळातून मिथेन निघतोय वगैरे. आबा म्हणाले, "म्हणजे आपला गोबरगॅसच की! घाबरतोस कशाला एवढा?"

हसलो, पण आबांचं बरोबर होतं. टाकीतल्या शेणकाल्यात हवा नसते, तिथे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव मिथेन बनवतात. समुद्रतळाच्या गाळातही तेच. गंमत पुढे आहे. त्यांचेच काही भाऊबंद हाच कारभार उलटा चालवतात, म्हणजे मिथेन खातात! ऑक्सिजन नसतो, म्हणून पाण्यातून गाळात झिरपणारं सल्फेट वापरायचं, आणि त्यासाठी सल्फेटवाल्या जीवाणूंशी भागीदारी करायची. जगभरच्या समुद्रतळातला बहुतेक मिथेन असा गाळातच जिरतो.

मग काळजी कसली? वेगाची. नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेन्ट्स समुद्राच्या उतारावर, सुमारे १२५० मीटर खोल, हाकोन मॉस्बी नावाचा चिखलाचा ज्वालामुखी आहे. तळाचं पाणी उणे १ अंशाच्या आसपास. तिथले सूक्ष्मजीव फार तर ४० टक्के मिथेन अडवतात, असं २००६ साली ‘नेचर’मधल्या अभ्यासात दिसलं. कारण मधोमध खालून पाणी इतक्या जोरात वर येतं, की सल्फेटला गाळात शिरायला वावच मिळत नाही. जेवणारे तयार, पण निम्मं जेवणच गायब.

बरं, यांची संख्या वाढायलाही वेळ लागतो. एकाचे दोन व्हायला काही महिने! आमच्याकडे लोड वाढला की पाच मिनिटांत नवे सर्व्हर उभे करतो. इथे ती सोय नाही.

आता ‘बॉम्ब’चं. २००८ साली स्वालबार्डच्या पश्चिमेला तळातून उठणाऱ्या बुडबुड्यांच्या अडीचशेहून जास्त धारा सापडल्या. पाणी तापल्यामुळे गाळातला बर्फासारखा मिथेन हायड्रेट वितळतोय, असं तेव्हा वाटलं. पण मिथेन खाताना हे जीव कार्बोनेटचे थर मागे ठेवतात. त्या थरांचं वय काढल्यावर २०१४ साली कळलं, की ही गळती निदान ३००० वर्षं जुनी आहे. थोडक्यात, साक्षीदारही हेच!

म्हणून मी आता बॉम्ब म्हणणार नाही. पण निर्धास्तही नाही. पाणी तापत राहिलं तर हायड्रेट सुटण्याचा वेग वाढेल, आणि वेग हीच तर यांची दुखरी नस.

काल आबांना हे सगळं सांगितलं. म्हणाले, "आमच्या टाकीत थंडी पडली की गॅस कमी येतो. तुझे ते जीव उणे एकात काम करतात, कौतुक आहे बाबा!"

कौतुक आहेच. पण त्यांच्या भरवशावर आपण समुद्र तापवत बसावं, एवढं काही ते करू शकत नाहीत.

असो. सोमवारी रिलीज आहे, झोपतो आता.