सुकाणू आणि पाचर

मालवणच्या किनाऱ्यावर 'सुकाणू' या शब्दाचा अर्थ कोणाला शिकवावा लागत नाही. अरबी 'सुक्कान'शी नाते सांगणारा हा शब्द दर्यावर्द्यांच्या तोंडून आपल्या भाषेत रुजला. होडीचे सुकाणू पाण्यात चालते. जीपचे मात्र जांभ्या दगडाच्या खाचखळग्यांतून चालावे लागते, एवढाच काय तो फरक!

लढाईसाठी जन्मलेल्या विलीज जीपची जोडणी 1947 पासून आपल्याकडे होऊ लागली. चारही चाकांना जोर मिळणारी ही गाडी पावसाळ्यातल्या तांबड्या चिखलाला दाद देत नाही. माझ्या भाच्याकडे त्याच घराण्यातली एक जुनी जीप आहे. आडवाटेला पोट घासू नये म्हणून त्याने ती तीन इंच उंच करून घेतली. पुढच्या पाट्यांच्या पुढल्या टोकांना लांब शॅकल लावले आणि खाली मोठे टायर घातले. गाडी मोठी रुबाबदार दिसू लागली. पण कसालहून मालवणकडे येताना खड्डा लागला, की पुढची चाके लटलट कापत आणि स्टिअरिंग हातातून निसटू पाहे.

"मामा, आई गाडीत बसायलाच तयार नाही," भाचा म्हणाला. ताईला तर फोंडा घाटातून कोल्हापूरला डॉक्टरांकडे न्यावे लागते. तेव्हा आम्ही कणकवलीचे एक वृद्ध मिस्त्री गाठले.

त्यांनी गाडीचे तोंड जॅकवर उचलले. चाक आधी वरखाली धरून हलवले, तेव्हा किंगपिनची ढिलाई कळली. मग दोन्ही बाजूंना धरून हलवले, तेव्हा टाय रॉडचे सांधे झिजलेले आढळले. "गाडी उंच झाली, पण कोन बिघाडलो, मास्तरानु!" ते म्हणाले.

हा कोन कसला? ज्या खिळीभोवती चाक वळते, तिचे डोके किंचित मागे कललेले असते. म्हणूनच वळण संपल्यावर चाक आपणहून सरळ होते. पुढल्या टोकाला लांब शॅकल लावल्याने आस फिरला, तो कल गेला आणि चाके सरळ चालणे विसरली. शिवाय स्टिअरिंगकडून चाकाकडे येणारा दांडा तिरपा झाला होता. त्यामुळे आस वरखाली झाला, की दांडा चाकाला परस्पर ओढी.

भाच्याला स्टिअरिंगचा धक्का शोषणारा डँपर हवा होता. मिस्त्री हसले: "आधी दुखणा बरा करूया, मगे पांघरूण घालूया." त्यांनी शॅकल आखूड केले, पाटा आणि आस यांच्यामध्ये मोजून कापलेली पोलादी पाचर बसवली, झिजलेले सांधे व बुश बदलले. चाकांची पुढली कड मागल्या कडेपेक्षा किंचित जवळ आणली. उंची एक इंचच उरली. भाचा हिरमुसला, पण 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलमही गाडीच्या मूळ रूपात मनमानी बदल करू देत नाही, हे मिस्त्रींनी त्याला बजावले.

पुढच्या आठवड्यात ताई फोंडा घाट चढली. पहिल्या दोन वळणांवर तिने दांडी घट्ट धरली होती; पुढे पदर सावरून ती खुशाल दरी पाहत बसली. राधानगरी आल्यावर म्हणाली, "चला, गाडी आता माणसात आली!"