उधारीवाल्याची तसबीर

भवानी पेठेतलं आमचं किराणा दुकान रिकामं करताना गल्ल्यामागची तसबीर सगळ्यात शेवटी उतरवली. तुम्हीही ती कुठल्या ना कुठल्या दुकानात पाहिलेली असणार. एका बाजूला रोखीने विकणारा शेठ: सुटलेलं पोट, नोटांनी भरलेली तिजोरी. दुसऱ्या बाजूला उधारीने विकणारा: फाटके कपडे, कपाळाला हात, रिकाम्या तिजोरीजवळ उंदीर. ही थट्टा मूळची आपली नाही. युरोप-अमेरिकेतल्या दुकानांतही एकोणिसाव्या शतकात असली चित्रं टांगलेली असत.

आमच्या आजोबांनी, दादांनी, घरात माणसांचं चित्र कधी लावू दिलं नाही. घरी फक्त काबाशरीफची तसबीर. दुकानात मात्र हे दोघे शेठ होते. "आपल्याला जे बोलता येत नाही ते हे बोलतात," असं दादा म्हणायचे. पण त्याच तसबिरीखाली बसून ते माग चालवणाऱ्यांना, विडी वळणाऱ्या बायकांना ज्वारी-तेल वहीवर लिहून द्यायचे. अडलेल्या कर्जदाराला मुदत द्या, माफ केलंत तर आणखी चांगलं, ही कुरआनची शिकवण त्यांनी तसबिरीपेक्षा जास्त मनावर घेतली होती.

दादांनंतर अब्बांनी दुकान चालवलं. आता तेही नाहीत. धाकट्या भावाचे चादरीचे माग वर्षभर बंद आहेत आणि मुलीची कॉलेजची फी तोंडावर आहे. असलंच एक चित्र त्याला मोबाईलवर पंचवीस हजारांना दिसलं. त्याने आपल्या तसबिरीचा फोटो टाकला, तर पुण्याहून एकाचा फोन आला, "शंभर वर्षं जुनी आहे का?"

मी म्हणालो, आधी बघू तरी.

ओळखीच्या घड्याळजीकडून डोळ्याला लावायचं भिंग आणलं आणि तसबीर उन्हात धरली. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या रंगीत तसबिरी बहुतेक दगडी छाप्याच्या असत. 1894 साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला राजा रविवर्म्यांचा छापखाना त्याच पद्धतीचा. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. भिंगातून पाहिलं तर त्यातले ठिपके लहान-मोठे, वेडेवाकडे, वाळू विखुरल्यासारखे दिसतात. आमच्या शेठजींच्या गालावर मात्र निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके ओळीने बसले होते, छोट्या फुलांच्या जाळीसारखे. म्हणजे ऑफसेटची छपाई.

मग तसबीर उलटी केली. पाठीला चहाच्या खोक्याचा पुठ्ठा होता आणि त्यावर कंपनीच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड. आपल्याकडे पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. पाठ पुष्कळदा नंतर बदललेली असते, म्हणून नुसत्या पुठ्ठ्यावर विसंबू नये. पण आमच्या तसबिरीच्या कडेची कागदी पट्टी अखंड होती, खिळेही जागचे हललेले नव्हते. अम्मीला विचारलं. ती म्हणाली, "माझं लग्न झाल्यावर लावली ती." अम्मीचं लग्न 1976 चं.

भाऊ हळूच म्हणाला, "बोल दो ना भाई, सौ साल की है. उसको क्या मालूम?"

मोबाईलवरचे पंचवीस हजार ही मागितलेली किंमत असते, मिळालेली नव्हे, हे मी त्याला समजावलं. शिवाय जुनं म्हणजे दुर्मीळ असंही नाही. लंडनच्या 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकातली व्यंगचित्रं 1869 पासून 1914 पर्यंत छापली गेली. ती खरोखर जुनी आहेत, पण इतकी निघाली की त्यातली बरीचशी आजही फार महाग नाहीत. किंमत ठरते ती छपाई कशी आहे, प्रती किती उरल्यात आणि कागद कसा आहे यावर. कडा कापल्यात का, ओल आली का, कसर लागली का, हे सगळं बघतात. आमच्या तसबिरीचा एक कोपरा कसरीने खाल्लेला होता.

त्याला हे सगळं पटलं. पण फी भरायचीच होती, म्हणून तो गप्प बसून राहिला. मलाही क्षणभर वाटलं, पुण्याचा माणूस, कोण कधी तपासणार? पण मालातला दोष गिऱ्हाईकापासून लपवू नये, हे ह्याच गल्ल्यावर दादांनी आम्हा दोघांना शिकवलं होतं.

फोन मीच केला. ऑफसेट आहे, पन्नासेक वर्षांची असेल, कोपरा गेलाय, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "चौकट सागाची असेल तर सहाशे देतो."

भावाने नको म्हटलं. फीचा पहिला हप्ता मी भरला. परत कधी करायचे, असं त्याने विचारलं, तेव्हा जमेल तेव्हा दे म्हणालो. तो तसबिरीतल्या दुसऱ्या शेठकडे बघून हसला, बऱ्याच दिवसांनी. आता फोनवर तो मला भाई म्हणत नाही.

"काय उधारीवाले," म्हणतो, "उंदीर आले का?"