पावणेतीन मीटर

होस्टेलच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हीट ट्रान्स्फर वेगळा शिकवावा लागत नाही. एप्रिलमध्ये स्लॅब रात्री बारापर्यंत गरमी सोडत असतो आणि आपण पॉलिस्टरचा कुर्ता घालून फॅनखाली बसलेलो असतो. पॉलिस्टर हवेतली आर्द्रता जेमतेम ०.४ टक्के शोषतं, सुती धागा साधारण ८.५ टक्के. पुढचं सांगायला नको!

म्हणून सुट्टीत ठरवलं, एक सुती ड्रेस घरीच शिवायचा. घर म्हणजे शाहूवाडी. (कॉन्व्हेंटसाठी मी लहानपणापासून कोल्हापुरात मामाकडे. त्यामुळे माझं मराठी थोडं मामाचं, थोडं सिस्टरांचं. सांभाळून घ्या.)

कापड विकत आणायची गरज नव्हती, कारण आमच्याकडे कापडाची ट्रंक आहे. तुमच्याही घरी असणार. वरचे सगळे थर ब्लाऊजपीसचे. ओटीत आलेले, ओटीतच जायचे. ते कधी शिवले जात नाहीत, नुसते गावभर फिरतात. करन्सीच म्हणा ना! आणि एका ब्लाऊजपीसात ड्रेस होणार तरी कसा? पण अगदी तळाशी, जुन्या साडीत गुंडाळलेलं एक सायीच्या रंगाचं कापड निघालं. पावणेतीन मीटर, पन्हा ३६ इंच.

ते आजोबांनी शाहू मिलमधून आणलेलं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात सुरू केलेली ही मिल २००३ मध्ये बंद झाली, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. मिलचा भोंगा मी ऐकलेलाच नाही. आजोबा त्यापूर्वीच रिटायर होऊन गावी आले होते. शर्ट शिवायचे म्हणून ठेवलेलं कापड तसंच राहिलं, आणि आजोबा गेले.

आईनं ते बघितलं आणि लगेच परत गुंडाळायला घेतलं. "आत्ती, हे राहू दे. पुन्हा मिळायचं नाही." तिचं बरोबरच होतं. कात्रीला अनडू नसतो. मी गप्प. आजी मिश्री लावत बसली होती. म्हणाली, "माणूसच ऱ्हायलं न्हाई, कापड ठिवून काय पुजायचं हाय? शिव तू." मग जरा थांबून, "शिक्का तेवढा कापू नगंस."

एका टोकाला निळ्या शाईचा शिक्का होता. अक्षरं लागत नव्हती, नुसता गोल कळत होता.

कोरं सुती कापड आधी भिजवावं लागतं. मागावर विणताना ताणा ओढून धरलेला असतो. पाणी लागलं की तो सैल पडतो आणि आखडतो. शिक्क्याचं टोक आजीनं बादलीबाहेरच ठेवायला लावलं. रात्रभर भिजवून, वाळवून मोजलं तर दोन मीटर बासष्ट! पन्हा मात्र फारसा कमी झाला नव्हता.

आईनं लग्नाआधी शिवणक्लास केलाय. कागदी पॅटर्न वगैरे काही नाही, छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच, आणि खडू थेट कापडावर. डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेसच्या एका शीटवर आपण फर्स्ट इयरला अख्खं प्रॅक्टिकल घालवतो. तिनं दोन्ही मुंढे कुकरच्या तीन शिट्ट्यांत काढले.

भांडण झालं ते लांबीवरून. मला गुडघ्यापर्यंत हवा होता, आईला आणखी सहा इंच. पुढचा आणि मागचा भाग चाळीस-चाळीस इंचांचा धरला तर उरत होते तेवीस. त्यात बाह्या, गळ्याची उरेब पट्टी आणि खिसे. उरेब पट्टी सोडता येत नाही. ४५ अंशांत कापलेलं कापड ओढलं की विणीचे चौकोन शिअर होतात, म्हणून तर ती गोल गळ्यावर चुण्या न पडता बसते. लांबी वाढवली की खिसे गेले. "ड्रेसला खिसे कशाला?" आई म्हणाली. पण खिसे गेले की शिक्का कुठे बसवायचा? तो कापायचा नव्हता. आईनं आजीकडे बघितलं. आजीनं काहीच म्हटलं नाही. "बरं, पण गावात घालशील तेव्हा खाली सलवार," असं म्हणून आईनं कात्री उचलली.

शिवायला दोन दुपारी लागल्या. पायमशीनवर मी आधी नुसत्या वर्तमानपत्रावर सरळ टीप मारायला शिकले. हाताच्या सुईचं भोक मागे असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. एवढ्या एका बदलामुळे वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. एलियास होवेचं पेटंट १८४६ चं आहे, आणि आमच्या घरातलं मशीन आजही त्याच तत्त्वावर चालतं. बाह्या मात्र आईनंच लावल्या, ते काम तिनं मला दिलं नाही.

शिक्का अख्खाच्या अख्खा उजव्या खिशाच्या आत बसला. ड्रेस पूर्ण झाल्यावर आजीनं गळा बघितला नाही, घेर बघितला नाही. खिसा उलटा केला, बघितला, सरळ केला. परत एकदा उलटा केला. मग खाली पडलेल्या चिंध्या वेचून वाकळीच्या गाठोड्यात भरल्या.

ब्लाऊजपीस आईनं मोजून परत ट्रंकेत ठेवले. मे महिन्यात भावकीत दोन लग्नं होती.