नाव एकीचं, फोटो दुसरीचा

कमी बजेटच्या क्राइम थ्रिलरचा मसाला ठरलेला असतो. मोठा हिरो नाही, परदेशातलं शूटिंग नाही. एक खोली, एक मोबाईल, एक हावरट माणूस आणि दुसऱ्याचं चोरलेलं नाव. एवढ्यावर दोन तास निघतात. शेवटी इन्स्पेक्टर येतो, चोर सापडतो, आपण उठून जेवायला बसतो.

असा सिनेमा आपल्या शेजारच्या खटाव तालुक्यात खरोखर घडला. सप्टेंबर २०२४ मध्ये. लाडकी बहीण योजना सुरू होऊन जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. तिकडे पनवेल भागातल्या एका ताईंचा अर्ज काही केल्या भरला जाईना. त्यांच्या आधार नंबरवर आधीच कुणीतरी अर्ज करून ठेवला होता. चौकशी करत करत धागा थेट आपल्या शेजारी येऊन पोचला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार एका नवरा-बायकोने वेगवेगळ्या बायकांचे आधार नंबर वापरून ३० अर्ज भरले होते. फोटो मात्र सगळीकडे एकाच बाईचा. कुठे साडी वेगळी, कुठे केसांची ठेवण वेगळी. दोघांना अटक झाली.

बातमी आली तेव्हा आपल्याकडे काय झालं आठवा. व्हॉट्सॲपवर नुसते जोक. "काय डोकं चालवलंय राव!" "सरकारला बरोबर गंडवलं!" म्हणजे चोरी झाली ती सरकारची, आणि सरकारचा पैसा म्हणजे कुणाचाच नाही, असा आपला हिशेब.

मला तो हिशेब पटत नाही. त्या ३० अर्जांमागे ज्यांचे आधार नंबर होते, त्या कुणाच्या तरी आया, बहिणी, सुना. त्यांचं काय झालं यावर एकही जोक आला नाही.

हा विषय मी का धरून बसलोय, ते सांगतो. आमच्या भागातल्या एक काकी. मोलमजुरी करतात, वय साठीच्या आत. त्यांचंही तसंच झालं. अर्ज भरायला गेल्या तर "तुमचा अर्ज झालेला आहे" असं उत्तर. कुणी भरला, कोणत्या मोबाईलवरून भरला, कोणतं खातं दिलं, काही सांगेनात. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. वर ऐकवलं, "तुम्हीच भरला असेल, नीट आठवा." माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, "दादा, मी हितं हुबी हाय की. मग माझ्या नावानं गेली ती कोण?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कडेगावसारख्या गावात माणसाची ओळख पटवायला कागद लागत नाही. मोहरमच्या ताबुतांना हजारोंची गर्दी असते, त्या गर्दीतही म्हातारी माणसं पोराचा चेहरा बघून बापाचं नाव सांगतात. काकींना त्या टेबलावरचा माणूसही नावाने ओळखत होता. तरी तो म्हणतो, "काकी, मला माहीत आहे तुम्ही कोण ते, पण कॉम्प्युटर घेत नाही." साऱ्या गावाला ओळखीची असलेली बाई स्क्रीनवर मात्र परकी. आणि जिने किंवा ज्याने तिचं नाव वापरलं, त्याला कुणी काही विचारलं नाही. सिद्ध काय करायचं ते काकींनी! ह्या धावपळीत तीन दिवसांची रोजंदारी बुडाली ती वेगळीच.

म्हणून म्हणतो, नाव चोरीला गेलं की पैसा सरकारचा जातो, पण हेलपाटे बाईचे होतात.

पुढचे आकडे बघा. जुलै २०२५ मध्ये समोर आलं की बायकांसाठीच्या ह्या योजनेचा लाभ १४,२९८ पुरुषांच्या नावे गेला. रक्कम २१ कोटींच्या वर. त्यात काही ठिकाणी घरातल्या बाईचं खातं नव्हतं म्हणून नवऱ्याचं दिलं असं असू शकतं, सगळ्यांना एका मापाने मोजू नये. पण दोन हजारांवर सरकारी नोकरीतल्या बायकांनीही हे पैसे घेतले, त्याला काय म्हणायचं? महिन्याचे १५०० रुपये. सिनेमातल्या व्हिलनला निदान कोटींची तरी हाव असते.

मग सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी आलं. तपासणी हवीच, वाद नाही. पण नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही लागणार म्हटल्यावर ज्यांना दोन्ही नाहीत त्या विधवा बायकांची काय धावपळ झाली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पुन्हा रांगेत उभी राहिली ती खरी बाईच.

आता थोडं आपल्याकडे. चोराला माल कुठून मिळतो? कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात जा. खराब निघालेल्या आधारच्या प्रती खोक्यात पडलेल्या असतात. सिमकार्डाला आधार, लॉजला आधार, कर्जाच्या चौकशीला आधार. गेल्या वर्षी भेळेच्या पुडीला मी कुणाच्या तरी आधारची झेरॉक्स बघितली आहे, नाव-पत्त्यासकट. २७ मे २०२२ ला आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने सांगितलं होतं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका. दोनच दिवसांत, २९ मे ला, सरकारने ती सूचना मागे घेतली. लोक गोंधळतील म्हणून. लोक गोंधळले नाहीत, झेरॉक्स चालू राहिली.

आपल्या हातात आहे तेवढं करा. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी दिली आणि तारीख. जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. घरातल्या बायकांच्या आधारला कोणतं बँक खातं जोडलंय ते बँकेत जाऊन बघून घ्या. पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

आणि प्रशासनाकडे एकच मागणं आहे. "तुमचा अर्ज आधीच झालाय" असं ज्या बाईला सांगाल, तिला ते लेखी द्या. अर्जाची तारीख, मोबाईलचे आणि खात्याचे शेवटचे चार आकडे, एवढं त्या कागदावर असू द्या. तो कागद घेऊन ती पोलीस ठाण्यात जाईल. अर्ज तिने केला नाही हे शोधायचं काम यंत्रणेचं, तिचं नाही.

ज्यांच्या घरात असं घडलंय त्यांनी खाली लिहा, नाहीतर मेसेज करा. नाव छापणार नाही. दहा-बारा प्रकरणं एकत्र आली की एक निवेदन घेऊन आपण सगळे मिळून जाऊ. एकटी बाई गेली की तिला "आठवा" म्हणतात. पंधराजणी गेल्या की खुर्ची देतात, हा माझा वीसेक वर्षांचा अनुभव आहे.